सहा आटे जास्त

डेल्मर टोस्टेन्सनला बाई म्हणून ट्रॅक्टर चालवायला लागून एकोणीस वर्षं झाली होती, आणि या एकोणीस वर्षांत त्याने एकदाही कुणाला धडक दिली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी दिली.

मिनेसोटातल्या त्या गावात जुलैच्या शेवटच्या शनिवारी आठ जुने ट्रॅक्टर नाचतात. आठही लाल, आठही चालवणाऱ्यांइतकेच म्हातारे. चार पुरुष काळी जाकिटं घालून पुरुष होतात, चार पुरुष फ्रॉक आणि विग घालून बायका होतात. फ्रॉक कुणी घालायचा हे पहिल्या वर्षी काड्या ओढून ठरलं, आणि पुढे मापं बदलून शिवायचा सगळ्यांना कंटाळा आला. गवताच्या गाडीवर माइक धरून बसलेली एर्डिस आज्ञा सोडते, "जोडीदाराला नमस्कार! हात धरून वळसा! डावीकडून आरपार!" आणि दोन-दोन टनांची धुडं एकमेकांच्या अंगावरून वीतभर अंतराने जातात. माणसं टाळ्या वाजवतात, कारण त्यांना ब्रेकची अवस्था माहीत नसते.

शुक्रवारी सरावात "आरपार" म्हटल्यावर डेल्मरने थ्रॉटल कमी केलं. इंजिन खाली गेलं, विझतंय की काय असं वाटलं, मग आपणहून वर चढलं, पुन्हा खाली, पुन्हा वर. दम्याच्या माणसाने जिना चढावा तसं. तिसऱ्या चढाला ट्रॅक्टरने अशी काही उडी घेतली की वेंडेल रासमुसेनच्या पुढच्या चाकाचा पापड झाला.

वेंडेल उतरला. चाकाकडे बघून म्हणाला, "काही नाही रे. होतं असं."

त्या मुलखात याहून मोठी शिवी नाही.

एर्डिस गाडीवरून उतरली. चौऱ्याहत्तर वर्षांची, गावच्या चर्चमध्ये पन्नास वर्षं ऑर्गन वाजवणारी. वाऱ्याने दार करकरलं तरी कुठल्या सुरात करकरलं ते सांगायची. ती म्हणाली, "डेल्मर, उद्या बाराला मी तुझं इंजिन ऐकणार. मी एका प्रार्थनागीताची चार कडवी मनातल्या मनात म्हणेन. चारी कडवी इंजिन एका सुरात राहिलं तर तू नाचशील. नाही राहिलं तर वेंडेलचा पुतण्या नाचेल."

"त्याचा तर हिरवा आहे!"

"असू दे हिरवा. धडक तर देत नाही."

हिरव्याचं डेल्मरला एवढं वाटलं नाही. त्याला व्हर्लिनचं वाटलं.

व्हर्लिन म्हणजे थोरला भाऊ, नाचातला त्याचा जोडीदार. अकरा वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीला, डेल्मर चारचौघांत म्हणाला होता, "व्हर्लिनच्या मक्याच्या रांगा पाहिल्या का? पेरताना गांधीलमाशी मागे लागली होती काय?" सगळे हसले. व्हर्लिनही हसला. कॉफी संपवली, कप विसळून ठेवला आणि अकरा वर्षं बोलला नाही.

पण नाच सोडायचा तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगणं म्हणजे बोलणंच. म्हणून दोघं नाचत राहिले. तीन सराव आणि एक नाच, वर्षातून चार वेळा एर्डिस "जोडीदाराला नमस्कार" म्हणायची आणि काळ्या जाकिटातला व्हर्लिन निळ्या ठिपक्यांच्या फ्रॉकमधल्या भावाकडे बघून टोपीला बोट लावायचा. तेवढंच काय ते नातं. ती जागा गेली तर पुढची भेट दोघांपैकी एकाच्या अंत्यविधीलाच होणार होती, आणि तिथे बोलायची सोय एकालाच असते.

शनिवारी सकाळी सातला डेल्मरने गव्हर्नर उघडला.

इंजिनाच्या कुशीला बसवलेली ती एक लोखंडी डबी. आत दोन वजनं गरगरतात. इंजिन जोरात धावायला लागलं की वजनं बाहेर फाकतात, एका दांड्याला ढकलतात, दांडा सळईला ढकलतो आणि सळई कार्बोरेटरची झडप मिटवते. इंजिन मंदावलं की उलट. थोडक्यात, डबीत बसून कुणीतरी अखंड "हळू, हळू" आणि "चल, चल" म्हणत असतं. डेल्मरच्या डबीतल्याचे दात पडले होते. दांडा ज्या बुशमध्ये, म्हणजे धातूच्या कड्यात, फिरायचा ते बुश अंडाकृती झालं होतं. वजनांच्या पिना मधोमध खंगून मुंगीच्या कमरेसारख्या दिसत होत्या. सळईच्या दोन्ही टोकांची भोकं इतकी मोठी झाली होती की इथे ढकललं की तिकडे निरोप पोचायला वेळ लागायचा, आणि पोचायचा तोवर परिस्थिती बदललेली असायची. वर सगळ्यावर गवताचे गठ्ठे बांधायची तार गुंडाळलेली. एकोणीस वर्षांची तार, थरावर थर.

सळईच्या पिना त्याने जुन्या ड्रिलच्या दांड्या कापून केल्या, भोकं मोठी करून त्यात पितळी नळीचे तुकडे ठोकले. नऊ वाजेपर्यंत तेवढं झालं. पण बुश आणि वजनं काही ड्रिलमधून निघत नाहीत.

मार्लिस, त्याची बायको, शेडच्या दारात आली. "व्हर्लिनच्या झाडीत सुट्या भागांसाठी एक ट्रॅक्टर उभा असायचा ना?"

"असेल."

"मग माग की."

"मी कशाला मागू? मला काय अडलंय?"

मार्लिसने त्या उघड्या डबीकडे पाहिलं, त्या तारेच्या भेंडोळ्याकडे पाहिलं, आणि घरात जाऊन फोन केला. बाहेर येऊन म्हणाली, "तो म्हणाला, बघतो."

व्हर्लिनचं "बघतो" म्हणजे "आत्ता निघालो" इथपासून "माझ्या प्रेतावरून जा" इथपर्यंत काहीही असू शकत होतं. डेल्मर बोल्ट पुसत बसला. पाऊण तास एकच बोल्ट.

दहाला दहा कमी असताना पिकअप आली. व्हर्लिन उतरला, हातात पावाची प्लास्टिकची पिशवी. तो शेडच्या उंबऱ्याच्या बरोब्बर बाहेर उभा राहिला आणि आभाळाला म्हणाला, "दुपारी वारा सुटेल."

पिशवी मार्लिसच्या हातात, मार्लिसच्या हातून डेल्मरच्या हातात. आत गव्हर्नर. पिशवी आतून ओलसर होती आणि कोमट. डेल्मरला वाटलं, गाडीत उन्हात ठेवली असेल.

"मार्लिस, त्याला सांग, ही डबी त्याच्या ट्रॅक्टरला बसणार नाही, बोल्ट वेगळे आहेत," व्हर्लिन म्हणाला. "आतला माल काढून घे म्हणावं. आतला माल तोच."

"मार्लिस, याला सांग, मला दिसतंय."

"मार्लिस, त्याला सांग, दिसत असतं तर तारा गुंडाळल्या नसत्या."

"मार्लिस, याला सांग—"

"आणि मार्लिसला कुणीतरी सांगा, की तिचं ओव्हनमधलं जळतंय," असं म्हणून मार्लिस निघून गेली.

आता पंचाईत झाली. दोघांच्या मध्ये फक्त ट्रॅक्टर उरला. मग व्हर्लिन आत आला, बॉनेटवर हात ठेवून ट्रॅक्टरला म्हणाला, "तुझं जुनं बुश आधी बाहेर काढायला हवं. एकट्याने निघायचं नाही."

डेल्मरही ट्रॅक्टरलाच म्हणाला, "मग कुणीतरी ठोकायला हवं."

कुणीतरी ठोकायचं म्हणजे एकाने डबी लाकडी ठोकळ्यावर धरून बुशवर छोटा दांडा उभा पकडायचा आणि दुसऱ्याने त्यावर हातोडा मारायचा. दांडा वीतभराचा. धरणाऱ्याची बोटं हातोड्यापासून दोन इंचावर. डबी ओतीव लोखंडाची, घाव तिरका बसला तर बिस्किटासारखी फुटते, आणि फुटली तर बारा वाजता एर्डिस नुसत्या शांततेची चार कडवी ऐकणार. हे काम डेल्मरने आजवर अनेकांबरोबर केलं होतं, पण ते सगळे त्याच्याशी बोलत होते.

त्याने दांडा धरला. व्हर्लिनने हातोडा उचलला, वजन पाहिलं, आणि भावाच्या अंगठ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मार," डेल्मर ट्रॅक्टरला म्हणाला.

पहिला घाव. काही नाही. दुसरा. डेल्मरच्या दंडापर्यंत झिणझिण्या गेल्या. तिसऱ्या घावाला काहीतरी कट्कन वाजलं आणि दोघंही गोठले. डेल्मरने डबी उजेडात धरून फिरवून पाहिली. तडा नव्हता. बुश केसभर सरकलं होतं. सोळा घाव बसले. सतराव्याला बुश टपकन खाली पडलं. डेल्मरने बोटं मोजली, दहा भरली.

व्हर्लिनच्या डबीतलं बुश काढून डेल्मरच्या डबीत बसवलं. वजनं आली, नव्यासारख्या पिना आल्या, दांडा घातला. वरखाली हलवून पाहिला तर लटपट शून्य. एकोणीस वर्षांत डेल्मरने तो दांडा इतका सरळ उभा पाहिला नव्हता. सळई त्याच्या सवयीच्या मापाला, जशी होती तशीच जोडली. कार्बोरेटरच्या तोंडावरची हवेची नळी हात घालायला आड येत होती म्हणून काढून ठेवलेली, ती नंतर बघू म्हणाला. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. चार मैल जायचं होतं.

हँडल मारलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

लागलं ते चढायलाच लागलं. डेल्मरला वाटलं, आता थांबेल. आता. शेडचा पत्रा थरथरायला लागला. भिंतीवरचे पाने एकेक करून खिळ्यांवरून उतरायला लागले. त्याने थ्रॉटलची दांडी पार खाली ओढली. इंजिन उलट किंचाळायला लागलं. त्याने बंद करायची कळ ओढली आणि ती तारेबिरेसकट त्याच्या हातात आली. सकाळी बाजूला सारताना तिचा सांधा निखळला होता. एवढ्या वेगाने इंजिन मिनिटभर चाललं असतं तर आतला एखादा दांडा कूस फाडून बाहेर आला असता, आणि कुशीशी डेल्मर उभा होता.

व्हर्लिन पुढे झाला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर पंजाने दाबून धरली. इंजिनाने टोपी आत ओढली, घशात अडकवली, दोनदा उचकी दिली आणि मेलं.

शांततेत शेवटचा पाना खाली पडला.

डेल्मर पानाकडे बघत नव्हता. अकरा वर्षांत त्याने भावाला टोपीशिवाय पाहिलं नव्हतं. व्हर्लिनच्या डोक्यावर एक केस नव्हता. भुवयांपर्यंत उन्हाने भाजलेला विटकरी चेहरा आणि वर दुधासारखं पांढरं, गुळगुळीत टक्कल. कुणा दुसऱ्याच म्हाताऱ्याचं आणून बसवल्यासारखं. हे कधी झालं, त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"सळई," व्हर्लिन म्हणाला. ट्रॅक्टरला नाही, त्याला. "तू सळई लांब केलीयस."

"दर दोन-तीन वर्षांनी एक आटा. झीज भरून काढायला."

"किती?"

"सहा."

"झीज गेली की आता. तुझे सहा आटे तसेच आहेत. झडप मिटणार कशी?"

डेल्मरने पाना घेतला आणि सळई आत फिरवायला लागला. एक, दोन. मार्लिस इंजिनाची किंकाळी ऐकून धावत आली होती. हातात कॉफीचं भांडं होतं, कारण तिच्या मते असं कुठलंच संकट नव्हतं जिथे ते न नेऊन चालेल.

"व्हर्लिन, कॉफी?"

"नको, नको."

"घे ना थोडी."

"कशाला उगाच त्रास."

"अरे ओतलीच आहे."

"ओतलीच असेल तर मग आण." आणि त्याने कप घेतला. तिथे कॉफी अशीच घेतात. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस एकतर परगावचा असतो किंवा मरायला टेकलेला.

तीन, चार. डेल्मर सळईकडेच बघत म्हणाला, "त्या रांगांचं. मी नंतर माफी मागायला आलो होतो तुझ्याकडे."

"आला होतास. दोनदा."

"दोन्ही वेळा तू म्हणालास, काही गरज नाही."

"म्हणालो."

"मग?"

व्हर्लिनने कॉफी फुंकली. "आत्ता मी कॉफीला किती वेळा नको म्हणालो?"

डेल्मरच्या हातातला पाना थांबला. मार्लिसने एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "अकरा वर्षं," ती हळूच म्हणाली. "अरे माणसं आहात का खांब?"

"मी वाट बघत होतो," व्हर्लिन म्हणाला. "नंतर बघता बघता सवय झाली."

डेल्मरने तोंड उघडलं.

"आता नको," व्हर्लिन म्हणाला. "साडेअकराला पाच कमी आहेत. अजून दोन आटे आहेत. फिरव."

बंद करायच्या कळीची तार जोडली. हवेची नळी बसवली. टोपी घशातून निघाली ती अर्धीच. पुढचा पट्टा इंजिनाने खाल्ला होता. डेल्मरने फ्रॉक चढवला आणि ट्रॅक्टर रस्त्याला लागला. मागे पिकअपमध्ये व्हर्लिन, उघड्या डोक्याने.

मैदानावर एर्डिस घड्याळात बघत उभी होती. वेंडेलचा पुतण्या हिरव्या ट्रॅक्टरवर तयार बसला होता, फ्रॉकसकट.

"कमी कर," एर्डिस म्हणाली. डेल्मरने थ्रॉटल अगदी खाली आणलं. तिने डोळे मिटले. ओठ हलायला लागले.

पहिलं कडवं गेलं. इंजिन धडधडत होतं, एका चालीत, एका सुरात. डेल्मरने श्वास रोखून धरला होता, जणू त्याच्या श्वासानेही सूर हलेल. दुसरं कडवं. व्हर्लिन कुंपणाशी उभा राहून जमिनीकडे बघत होता. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर टाकीच्या तळातला कचरा वर आला असावा. इंजिन खोकललं आणि सूर खाली घसरला. डेल्मरचा हात थ्रॉटलकडे गेला. एर्डिसचा एक डोळा उघडला. हात तिथेच थांबला. डबीतली वजनं मिटली, दांडा हलला, सळई क्षणाचाही उशीर न लावता सरकली, आणि सूर आपला आपण वर येऊन होता तिथे बसला. वर जाऊन उडी मारली नाही. चौथं कडवं संपलं.

एर्डिसने डोळे उघडले. "तिसऱ्यात घसरला."

वेंडेलच्या पुतण्याने फ्रॉक नीट केला.

"पण सावरला. आमचा ऑर्गन सावरत नाही." ती पुतण्याकडे वळली. "तू उतर रे. व्हर्लिन, तुझा ट्रॅक्टर कुठाय?"

व्हर्लिन म्हणाला, "घरी."

"जा मग, आण. दोनला नाच आहे."

"तो येणार नाही आज."

"का?"

व्हर्लिनने आभाळ बघितलं, पण आभाळात काही नव्हतं. "त्याला गव्हर्नर नाही."

डेल्मर ट्रॅक्टरवरून उतरला तो फ्रॉक अडकून पडतच. "तुझ्या झाडीतला तो जुना?"

"तो भंगारात जाऊन आठ वर्षं झाली."

"मग पिशवी कोमट का होती?"

"सकाळी ट्रॅक्टर फिरवून आणला होता. गरम असला की बोल्ट लवकर सुटतात."

"अरे पण मग मी नाचू कुणाबरोबर?" डेल्मर ओरडला. मैदानातले सगळे वळून बघायला लागले. "मी ही जागा कशाला धरून ठेवली? नाचायला? गुडघे मोडलेत माझे! हिरव्याबरोबर नाचू? तू नसशील तर मला ही जागा काय लोणच्याला पाहिजे? आत्ताच्या आत्ता उघडतो, दोन तास आहेत, तुझं तुला—"

"ओरडू नको," व्हर्लिन म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत! मला माफ कर म्हणतोय मी!"

वेंडेल रासमुसेन बुटाकडे बघायला लागला. इतकी उघडीनागडी भाषा त्या मैदानावर कधी कुणी वापरली नव्हती. व्हर्लिनचं टक्कल कपाळापासून वर लाल होत गेलं.

"बरं," तो म्हणाला.

एर्डिसने घसा साफ केला. "पुरे. नाचाला आठ जण लागतात, असा नियम आहे. आठ ट्रॅक्टर लागतात असं मी कधी म्हटलेलं नाही. व्हर्लिन, मागे चढ."

दोनला सात ट्रॅक्टर मैदानात आले. सातव्यावर निळ्या फ्रॉकमधला डेल्मर दोन्ही हातांनी चाक धरून बसला होता, कारण त्या चाकाला दोन्ही हात पुरत नाहीत. आणि मागे गाडी जोडायच्या पट्टीवर काळ्या जाकिटातला व्हर्लिन उभा, भावाच्या खांद्यावरून हात पुढे काढून थ्रॉटलची दांडी धरलेला. आठव्या जागेला सगळ्यांनी ट्रॅक्टर आहे असंच समजायचं होतं. समोरचे ट्रॅक्टरवाले त्या रिकाम्या जागेला इतक्या अदबीने वळसा घालत होते की बघणाऱ्यांतल्या एका बाईने त्या जागेचेही फोटो काढले.

"डावीकडून आरपार!"

वेंडेल समोरून येत होता, रात्रीत सरळ केलेल्या चाकावर. जवळ आल्यावर त्याने डोळे मिटून घेतलेले डेल्मरला स्पष्ट दिसले. डेल्मरने चाक वळवलं. मागचं चाक मऊ मातीत रुतलं, इंजिनावर भार आला. शुक्रवारी इथेच ते गेलं होतं. खांद्यावरचा हात थ्रॉटलवर घट्ट झाला, पण व्हर्लिनने दांडी हलवली नाही, इंजिनावर सोडलं. सूर दबला. सळई सरकली. ट्रॅक्टर मातीतून अलगद वर आला, आणि वेंडेलचं चाक त्याच्या चाकाशेजारून गेलं, मध्ये हात घालता आला नसता एवढ्या जागेतून. वेंडेलने डोळे उघडले आणि आपण जिवंत असल्याचं त्याला जरा आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं.

"जोडीदाराला नमस्कार!"

डेल्मरने मान मागे वळवून वर पाहिलं. व्हर्लिनने सवयीने बोट कपाळाशी नेलं, तिथे टोपी नव्हती, मग बोटाचं काय करावं हे न कळून त्याने भावाच्या विगवर टिचकी मारली.

संध्याकाळी पिकअप मार्लिसने नेली. व्हर्लिनला सोडायला डेल्मर ट्रॅक्टरनेच निघाला, नऊ मैल, खडीच्या रस्त्याने, पूर्ण थ्रॉटलवर. मागे सहा-सात मोटारी साचल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. व्हर्लिन मागे उभा राहून बोलत होता. पहिल्या वळणाला सुरू झाला तो थांबलाच नाही, हातवारेही करत होता, मध्येच हसलाही. इंजिनाच्या धडधडाटात डेल्मरला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं. थ्रॉटल कमी केलं असतं तर ऐकू आलं असतं. पण तसं केलं असतं तर व्हर्लिनला कळलं असतं की एवढा वेळ ऐकू येत नव्हतं, आणि कदाचित तो गप्प झाला असता.

म्हणून तो दर थोड्या वेळाने मान हलवून "हो ना," म्हणत राहिला. इंजिन एका सुरात चालत होतं.